तळाशी कोण: कोरीडोरास की सकर?

माशांची नवी टाकी घेतली की दुकानदार ‘काच साफ ठेवेल’ म्हणत २ इंची सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा) हमखास गळ्यात मारतो. पिल्लू शेवाळ खातं, हे खरं. पण तोच वाढून फूटभर, कधी त्याहूनही मोठा होतो आणि विष्ठा इतकी टाकतो की सफाईपेक्षा घाणच जास्त. मोठेपणी गोल्डफिश किंवा डिस्कसच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायलाही तो कमी करत नाही. २ फुटी, पन्नासेक लिटरच्या टाकीत सकर नकोच.

कोरीडोरास हा तळाशी वावरणारा छोटा मिशाळ मासा. त्याच्या नेहमीच्या जाती अडीच इंचांच्या आसपास थांबतात. टेट्रा, गप्पी, रासबोरा, कुणाशीच वैर नाही. मात्र निदान ६ जणांचा घोळका हवा. तळाला बारीक वाळू घाला. धारदार खडीवर मिशा झिजतात. उरल्यासुरल्यावर त्याचं भागत नाही, बुडणाऱ्या गोळ्या टाका. मध्येच वर येऊन हवेचा घोट घेतो, ती त्याची सवयच. काच तेवढी स्पंजने तुम्हालाच पुसावी लागेल.

घरातला सकर टाकीत मावेनासा झाला, तरी तलावात सोडू नका. भारतातल्या अनेक जलाशयांत तो आधीच उपद्रवी ठरलाय.