स्थलांतरावर सेशन घ्यायचंय: गेम खेळवायचा की डेटा उघडायचा?

स्थलांतरावर मुलांचं किंवा मोठ्यांचं सेशन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच पडतो, गेम खेळायला द्यायचा का सरळ आकडेवारी समोर ठेवायची. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल: तास-पाऊण तासच मिळणार असेल तर ओपन डेटा, म्हणजे कोणालाही फुकट उतरवता येणारी आकडेवारी घ्या, दोन-तीन बैठका मिळणार असतील तर आधी गेम आणि मग डेटा. आणि गेम म्हणजे मजा, डेटा म्हणजे बोअर हे डोक्यातून काढून टाका, कारण नीट मांडला तर डेटावर जास्त आरडाओरडा होतो.

आधी गेमचं बघू. २०१७ मध्ये आलेला 'बरी मी, माय लव्ह' घ्या. सिरियातल्या होम्स शहरातून नूर युरोपकडे निघते आणि तिचा नवरा माजद मागे राहतो. तुम्ही नूर नसता, तुम्ही माजद असता, हातात फक्त फोन, तिचे मेसेज येतात आणि तुम्ही उत्तर देता, कुठे जा, कोणावर विश्वास ठेव, थांब का निघ. मोबाईलवर हा गेम खऱ्या वेळेनुसार चालवता येतो, म्हणजे नूर प्रवासात असेल तर तासन् तास मेसेजच येत नाही, तुम्ही आपली स्क्रीन परत परत उघडून बघताय. शेवट एकूण १९ आहेत आणि सगळे काही गोड नाहीत. पण हे असं वाट बघणं वर्गात बसून होत नाही, तो गेम घरी, चार-पाच दिवस खिशात ठेवूनच खेळायचा, आणि तो नंतर बोलायला एक वेळ मिळणार असेल तरच द्या, नाहीतर मुलं 'बिचारी' एवढंच म्हणून सोडून देतात.

दुसरा 'पेपर्स, प्लीज', २०१३ चा. यात तुम्ही आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे अधिकारी. रांगेतल्या प्रत्येकाचे कागद तपासा आणि शिक्का मारा, प्रवेश किंवा नकार. पगार माणसामागे, त्यामुळे हात भरभर चालवावा लागतो, घरी भाडं, जेवण, हीटिंग, औषधं सगळं त्यातूनच. एका दिवशी नवरा येतो, त्याचे कागद बरोबर, जाताना सांगतो माझ्या मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाहीये. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसऱ्यापासून पैसे कापतात. आता बघा काय होतं ते! त्या दिवसाच्या दोन ताकिदी आधीच संपल्या असतील तर एरवी हळव्या मनाची पोरंसुद्धा नकाराचा शिक्का मारून मोकळी होतात, आणि ज्यांची एक ताकीद शिल्लक असते ती उदार होतात. दया दाखवणं परवडतं का हा प्रश्न व्याख्यान देऊन इतक्या चटकन पोचवता येत नाही. पहिले पाच-सहा दिवस एका बैठकीत खेळून होतात, प्रोजेक्टरवर एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी ओरडून सांगायचं असं केलं तरी जमतं. फक्त वय बघा, यात बॉडी स्कॅनर आहे, त्यातली नग्न चित्रं सेटिंगमधून आधीच बंद करून ठेवा.

दोन्ही चांगल्या गेममध्ये तुम्हाला प्रत्यक्ष स्थलांतरिताच्या जागी बसवलेलं नाही, हे माझ्या मते बरंच आहे. कारण ज्या गेममध्ये 'आता तुम्ही निर्वासित आहात, निवडा' असं असतं तिथे नकळत एक चुकीचा धडा जातो, तो म्हणजे शहाणपणाने निवडलं की माणूस पोचतो आणि जो नाही पोचला त्याने कुठेतरी चूक केली. खऱ्यात पोचणं हे पैसे, पासपोर्ट, हवामान, दलाल आणि निव्वळ नशीब यावर जास्त असतं. त्यामुळे असा गेम घेतलात तर नंतर हे तोंडाने बोलून घ्याच, वाटल्यास फासे टाकून दाखवा की तोच निर्णय घेऊनही दोघांचं वेगळं होऊ शकतं.

आता डेटा. याची ताकद अंदाज चुकण्यात आहे. फळ्यावर काही दाखवायच्या आधी प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा, जगातले किती टक्के लोक जन्माच्या देशाबाहेर राहतात. कोणी २० लिहितं, कोणी ३०, अगदी शिकलेले लोकही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये असे लोक ३०.४ कोटी, म्हणजे साधारण ३.७ टक्के, २७ जणांत एक. मग दुसरा प्रश्न, युद्ध-छळामुळे घर सोडावं लागलेल्यांपैकी देशाबाहेर किती गेले? २०२४ अखेर यूएनएचसीआरचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचा, एकूण आकडा १२.३२ कोटी आणि त्यातले ७.३५ कोटी स्वतःच्याच देशात विस्थापित. जे सीमा ओलांडतात त्यातलेही सुमारे दोन तृतीयांश शेजारच्याच देशात थांबतात. 'सगळे आमच्याकडेच येतात' असं मनात धरून बसलेल्या माणसाला हे तीन आकडे जे करतात ते कुठल्याही भावुक गोष्टीने होत नाही, कारण स्वतःच्या हाताने लिहिलेला अंदाज समोर असतो आणि वाद घालायला कोणी शिल्लक नसतं.

पण डेटा म्हणजे देववाणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला यातला सगळ्यात मजेशीर भाग तोच वाटतो. वरचे ३०.४ कोटी मोजताना मुख्यतः जन्माचा देश बघतात, जिथे ती माहिती नसते तिथे नागरिकत्व. आता १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा लाखो माणसं रात्रीत स्थलांतरित झाली, घरातून हललीसुद्धा नाहीत, सीमाच त्यांच्यावरून गेली. शिवाय देशातल्या देशात गावाकडून शहरात जाणारे या आकड्यात धरलेलेच नाहीत, आणि ते तर कितीतरी जास्त, यूएनडीपी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या २००९ च्या अहवालात अंदाज ७४ कोटींचा होता. देशातल्या देशातलं विस्थापन मोजणाऱ्या आयडीएमसी या संस्थेच्या आकडेवारीत 'विस्थापनाच्या घटना' वेगळ्या आणि 'विस्थापित माणसं' वेगळी, एकाच कुटुंबाला वर्षात दोनदा पळावं लागलं तर घटनांमध्ये ते दोनदा मोजलं जातं. बातमीत हे दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळतात. मुलांना एक बातमी आणि एक शीट देऊन 'यात नेमकं काय मोजलंय' एवढंच शोधायला लावलं तरी सेशन भरून जातं.

मोठ्या आकड्यांनी माणूस बधिर होतो हा आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. त्यावर माझा उपाय आयओएमचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक संस्थेचा 'मिसिंग मायग्रंट्स' डेटा, वाटेत मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या स्थलांतरितांची नोंद. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या लाम्पेदूसा बेटाजवळ बोट बुडाली, ३६० च्या वर माणसं गेली, त्यानंतर ही नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या दहा वर्षांत ६३ हजारांहून जास्त मृत्यू आणि बेपत्ता नोंदले गेले. तो आकडा सांगूच नका. शीट डाउनलोड करा आणि एकच ओळ मोठ्या अक्षरात दाखवा: तारीख, किती मृत, किती बेपत्ता, कारण, ठिकाण, माहिती कुठून आली, आणि त्या माहितीचा दर्जा १ ते ५ मध्ये किती. मूळ देशाच्या रकान्यात कितीदा तरी 'अज्ञात' लिहिलेलं असतं. मग विचारा, हा रकाना कोणी भरायचा होता. इथे डेटा तेच काम करतो ज्यासाठी लोक गेमकडे जातात, फक्त लहान मुलांसोबत हे करू नका, नववी-दहावीच्या खाली तर नकोच.

बाकी व्यवहाराचं पटकन. गेमला डिव्हाइस लागतात, वेळ लागतो, भाषा आड येते, 'बरी मी' तर नुसता मजकूरच मजकूर. शिवाय गेम मरतात. यूएनएचसीआरचा 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' किंवा २००६ चा 'दारफूर इज डाइंग' अजून कित्येक जुन्या यादीत सापडतात, पण ते फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर होते आणि २०२० संपताना फ्लॅशच बंद झालं, तेव्हा कुठल्याही यादीवर विसंबू नका, आदल्या दिवशी स्वतः लिंक उघडून बघा. डेटाची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल एकदा उतरवून ठेवली की नेट नसलं तरी चालते, प्रिंट काढली तर वीज नसली तरी चालते. उलट डेटाची तयारी तुम्हालाच करावी लागते, शंभर रकान्यांची शीट तशीच पोरांपुढे टाकली की दहा मिनिटांत जांभया. पाच ओळी आणि चार रकाने, त्याच्या वर जाऊ नका.

ठरवताना माझी कसोटी एकच, तुमच्या ग्रुपमध्ये काय ऐकू येतं. 'हे लोक येतातच कशाला' असं ऐकू येत असेल तर गेम, कारण तिथे कमतरता कारण समजण्याची आहे. 'किती येतायत बघा' असं असेल तर डेटा. दोन्ही ऐकू येत असेल आणि तुमच्याकडे एक रविवार असेल तर डेटावरून स्वतःचेच पत्ते बनवा, प्रत्येक पत्त्यावर एक देश आणि दोन आकडे, किती गेले आणि किती आले, मुलांनी जोड्या लावायच्या. दोन्ही आकडे मोठे असलेले देश निघाले की गडबड उडते, आणि ते निघतातच.

एक मात्र आधी विचारून घ्या, ग्रुपमध्ये कोणी स्वतः घर सोडून आलेलं आहे का. असेल तर पळून जाण्याची भूमिका असलेला गेम सरळ बाजूला ठेवा. त्या मुलाला किंवा मुलीला 'पेपर्स'मध्ये खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं असेल तर बसू द्या, किंवा शीटमधला एखादा रकाना तपासायला द्या, आणि स्वतःहून बोलल्याशिवाय 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका.