हिमनदीवरची तळी मोजायला सेंटिनेल-२: मोठ्या तळ्यांना उत्तम, डबक्यांना अपुरा

फुकट मिळणाऱ्या उपग्रहचित्रांत सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या तोडीचं फारसं काही नाही. तरी नेपाळमधल्या खुंबू किंवा न्गोझुंपासारख्या, दगडमातीने झाकलेल्या हिमनदीवर याची मर्यादा लवकर कळते, कारण तिथे मोठी तळी मोजकी आणि डबकी भरपूर. पिक्सेल १० मीटरचा. ३० मीटर बाजूचं चौकोनी डबकं जाळीत चपखल बसलं तर ९ पिक्सेल भरतात. जरा सरकलं की ते १६ पिक्सेलांवर पसरतं आणि त्यांतले निव्वळ पाण्याचे ४ च. म्हणून हजार चौरस मीटरच्या आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ देऊच नये, 'पाणी आहे' एवढीच नोंद करावी.

पाणी ओळखणाऱ्या निर्देशांकाचा हिशेब सोपा: हिरवा पट्टा (बी३) वजा निकट अवरक्त (बी८), भागिले दोघांची बेरीज. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्यापुढे पाणी मानायचं ती सीमा, मात्र प्रत्येक चित्राला नव्याने ठरवावा. गाळ अवरक्त प्रकाश परतवतो, त्यामुळे गढूळ तळ्याचा निर्देशांक शेजारच्या निळ्याशार तळ्यापेक्षा बराच खाली येतो.

खरी डोकेदुखी सावलीची. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. हिमालयात तेव्हा कड्यांची सावली वायव्येकडे पडते आणि पाणी म्हणून मोजली जाते. सोबत मिळणारं एससीएल वर्गीकरणही (प्रत्येक पिक्सेल पाणी, ढग की सावली ते सांगणारं) इथे फसतं. १० अंशांहून जास्त उतार वगळला की बरीच सावली जाते. पण हा उतार ज्यावरून काढायचा ते कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल २०११ ते २०१५ च्या मोजणीवर उभं आहे. तेव्हाचा बर्फाचा कडा वितळून आज तिथे तळं असू शकतं, म्हणून वगळलेला भाग एकदा डोळ्यांनी तपासावाच.

जुन्या-नव्या चित्रांची तुलना करताना आणखी एक खोच आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत पिक्सेलच्या प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर छेद फुगतो, निर्देशांक शून्याकडे सरकतो आणि तळी आटल्यासारखी दिसतात. गूगलच्या अर्थ इंजिनमधला 'हार्मोनाइज्ड' संच घेतला की हा प्रश्न उरत नाही.

ढग टाळायला हंगामभराचं मध्यक-चित्र (प्रत्येक पिक्सेलचं सगळ्या चित्रांतलं मधलं मूल्य) करण्याचा मोह आवरावा. ही तळी बर्फातल्या भेगा-बोगद्यांतून अचानक रिकामी होतात. थोडेच दिवस टिकलेलं तळं मध्यकात पुसलं जातं. त्यापेक्षा ऑक्टोबरमधलं एकच निरभ्र चित्र घ्यावं: पावसाळी ढग सरलेले असतात, पाणी सहसा गोठलेलं नसतं. नोव्हेंबरअखेर बर्फ धरतो, सावल्याही लांबतात.