सहा एचपीचं जोड-इंजिन घेतलं, मैल किती मिळाले?

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा जास्तच दिलाय असं माझ्या मेहुण्याचं म्हणणं आहे, पण पैसे माझे गेलेत आणि तो फक्त गळ टाकायला येतो, तेव्हा साडेतीनच राहू देत.

आधी होडी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. अठरा फुटी, फायबरची, उघडी. मागे ६० एचपीचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड, एकच. अशा होडीत किनारा सोडला की सगळी भिस्त एका पाण्याच्या पंपावर, एका इंधनाच्या नळीवर आणि एका बॅटरीवर. म्हणून मागच्या फळीवर डावीकडे ब्रॅकेट लावून हे दुसरं, लहान इंजिन बसवलं. एक सिलिंडर, लांब शाफ्ट (म्हणजे पंखा पाण्यात जास्त खोल), दोरी ओढून चालू होणारं, वजन सत्तावीस किलोच्या आसपास. विकणाऱ्याचं वाक्य तयार होतं: "आता बिनधास्त पंचवीस मैल जा." हे परीक्षण मुख्यतः त्या वाक्याचं आहे. (मैल म्हणजे सगळीकडे सागरी मैल, १८५२ मीटरचा; नॉट म्हणजे तासाला असा एक मैल.)

जोड-इंजिन तपासायची एकच पद्धत मला पटते. मोठं इंजिन चांगलं चालू असताना, स्वतःहून, मोकळ्या पाण्यात बंद करायचं आणि लहानावर घरी यायचं. सपाट पाण्यात, दोघं माणसं, बर्फाची पेटी, निम्मी टाकी एवढ्या वजनाला जीपीएसवर पाच नॉट दिसले. त्यासाठी मोठ्या इंजिनाचा पाय पूर्ण वर उचलावा लागतो. तो पाण्यात राहिला तर अर्धा नॉट तिथेच गेला. गंमत म्हणजे निम्म्या थ्रॉटलवरून पूर्ण थ्रॉटलवर गेलो तरी वेग जेमतेम वाढला, आवाज आणि पेट्रोल मात्र भरपूर वाढलं. कारण साधं आहे. पाण्यात बसणारी लांबी १६ फूट, तिचं वर्गमूळ ४, गुणिले १.३४, म्हणजे साडेपाच नॉटच्या जरा आत; पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाची हद्द साधारण अशीच काढतात. त्यापलीकडे जायचं तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि तो दम सहा एचपीत नाही.

पण सपाट पाण्यातला आकडा जाहिरातीसाठी ठीक. इंजिन बंद पडायला सपाट दिवसाची वाट बघत नाही. पंधरा नॉटचा वारा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा पाचाचे तीन झाले. लाट खालून गेली की मागची बाजू उचलली जाते, पंखा हवेत येतो, इंजिन किंचाळतं, परत पाण्यात बुडतो, होडी थोडी सरकते, पुढची लाट येते. हात टिलरवर (इंजिन वळवायच्या दांड्यावर), अंग वळवून मागे बसलेलं, तोंडावर पाणी. लांब शाफ्ट नसता तर तीनही मिळाले नसते. आखूड शाफ्टचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून उंच फळीच्या होडीला कुणी लावू नये. आता या तीन नॉटमधून समोरून येणारा एक नॉटचा प्रवाह वजा करा. उरले दोन.

दोन नॉट हाच माझ्या लेखी या इंजिनाचा खरा वेग. दोनाने पंचवीस मैल म्हणजे साडेबारा तास. हे पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण दोन लिटर पितं, म्हणजे पंचवीस लिटर. माझी याच्यासाठीची वेगळी टाकी बारा लिटरची आहे. सहा तास, बारा मैल, संपलं. प्रवाह साधारण सहा तासांनी उलटतो हे मलाही माहीत आहे, आणि उलटला तर चांगलंच. पण अनुकूल प्रवाह धरून अंतर ठरवायचं म्हणजे न मिळालेला पगार आधीच खर्च करणं.

मग बारा मैल ही माझी हद्द झाली का? सकाळी, हो. इथेच लोकांचा हिशेब चुकतो असं मला वाटतं. नकाशावर एक गोल काढतात आणि दिवसभर तोच धरतात. तो गोल घड्याळाबरोबर आवळत जातो. दुपारी बाराला उजेडाचे सहा तास हातात असतील तर बारा मैल. तीनला तीनच तास उरले, म्हणजे सहा मैल. मेहुण्याला हे कधी पटत नाही. "भाऊजी, सकाळी इथेच उभे होतो की! दोन मैल अजून बाहेर काढा, मासा पुढे सरकलाय." मासा सरकला असेल, सूर्यही सरकलाय. अंधारात, दोन नॉटने, दिवे नसलेल्या जाळ्यांच्या बोयांमधून येणं मला नको, आणि पंख्यात दोर अडकला तर लहान इंजिनाचं लहान पातं आधी गप्प होतं.

वाऱ्याची दिशाही हा गोल बदलते, आणि तीही उलट्या अर्थाने फसवते. मतलई वारा जमिनीकडून येतो तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी काचेसारखं सपाट दिसतं, कारण लाट वाढायला तिथे अंतरच नसतं. चार मैल बाहेर गेलात की तोच वारा लाटा उठवतो, आणि इंजिन गेलं तर होडीला सरळ बाहेर ढकलत नेतो. परतताना तो नाळेवर, म्हणजे वरचे दोन नॉट. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की समुद्र खवळलेला दिसतो, मन घाबरतं, पण बंद होडी निदान घराच्या दिशेने वाहते. फक्त किनारा खडकाळ असेल तर त्याआधी नांगर धरला पाहिजे. वारा एकीकडून आणि प्रवाह त्याच्या विरुद्ध असेल तर लाटा उभ्या आणि जवळजवळ होतात. अशा वेळी माझ्या होडीला हवामानाच्या अंदाजातला वाऱ्याचा आकडा लागू पडत नाही, एक पायरी वरचाच धरतो.

नांगराचा विषय निघालाच आहे तर: माझ्याकडे शंभर मीटर दोर आहे. खोलीच्या पाचपट दोर सोडला तर नांगर नीट धरतो, म्हणजे वीस मीटर खोलीपर्यंत मी जागेवर राहू शकतो. त्यापलीकडे नांगर म्हणजे नाळेत ठेवलेलं वजन. तिथे समुद्री नांगर, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी टोपी, होडीची नाळ लाटेला धरून ठेवते आणि वाहणं कमी करते, थांबवत नाही. म्हणून नकाशावर वीस मीटरची रेषा मला बारा मैलांच्या गोलाइतकीच महत्त्वाची वाटते.

होडीच्या पाटीवर वर्ग 'सी' आहे, त्याचा आधार घेऊन वाद घालणारे भेटतात. त्या युरोपीय वर्गवारीत सी म्हणजे वारा ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर ६ पर्यंत आणि लाटेची लाक्षणिक उंची २ मीटरपर्यंत. लाक्षणिक म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, तेव्हा अधूनमधून जवळपास दुप्पट उंचीची येणारच. पाटी लाटेबद्दल बोलते. मैलांबद्दल तिच्यावर अक्षर नाही, आणि इंजिन चालू राहील असं तर मुळीच नाही.

आता या यंत्राचं खरं कौतुक. एकट्या इंजिनाला बाहेर दगा देणारी नेहमीची गोष्ट म्हणजे इंधन: टाकीत पाणी, तुंबलेला फिल्टर, हवा ओढणारी नळी. जोड-इंजिन मोठ्याच्याच टाकीवर जोडलं तर तेच घाणेरडं पेट्रोल दोघांच्या घशात जातं. वेगळी टाकी, वेगळी नळी, वेगळा फिल्टर असेल तरच ते दुसरं इंजिन. माझं तसं आहे, आणि मी ते दर खेपेला वापरतो. गळ मागे सोडून तीन नॉटने हळूहळू ओढत फिरायला हे मोठ्यापेक्षा सरस आहे: धूर कमी, आवाज कमी, मोठ्याचे तास वाचतात. याचा मोठा फायदा असा की हे कधी थंड पडून राहत नाही. फक्त अडीनडीला म्हणून ठेवलेल्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं आणि नेमक्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखतो. माझं दुसऱ्या ओढीला चालू होतं. चोक बाहेर, एक ओढ हलकी, दुसरी जोरात, पंप होणाऱ्या पाण्याची धार दिसली की चोक आत.

तरीही कुणी विचारलं, पैसे एकाच गोष्टीचे आहेत, काय घेऊ, तर मी आधी रेडिओ सांगेन. होडीवरचा हा रेडिओ म्हणजे व्हीएचएफ, तो दृष्टिरेषेत चालतो, त्याचा पल्ला वॉटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर जास्त ठरतो. हातातला ५ वॉटचा संच, समोरही तशीच लहान होडी, तर पाच-सहा मैल. बसवलेला २५ वॉटचा संच, अँटेनाचं टोक पाण्यापासून साडेतीन मीटर, किनाऱ्यावरचा मनोरा शंभर मीटर उंच, तर पंचवीसच्या आसपास. त्याला जीपीएस जोडलेलं असेल तर संकटाचं लाल बटण दाबल्यावर चॅनल ७० वरून तुमची जागा आपोआप जाते, मग बोलणं चॅनल १६ वर. आणि अंगावरच्या जाकिटात ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा संकटसूचक संच: हाताने चालू करावा लागतो, आकाश मोकळं लागतं, किमान चोवीस तास उपग्रहाला हाक देत राहतो. नोंदणी केलेला असावा, नाहीतर हाक कुणाची ते शोधण्यातच वेळ जातो. जोड-इंजिन तुम्हाला दोन नॉटने घरी आणतं. हे दोघे घरच्यांना तुमच्याकडे वीस नॉटने आणतात. मी बारा मैलांपलीकडे जातो तेव्हा सोबत दुसरी होडी असते, नाहीतर जात नाही.

दीड तारा कुठे कापला? अर्धा यासाठी की या मॉडेलला बॅटरी भरणारी कॉइल नाही. मोठं इंजिन बंद, लहानावर सहा तास, आणि तेवढा वेळ जीपीएस नि रेडिओ बॅटरी खात राहणार, भरणार कुणीच नाही. कॉइल असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच बघा. उरलेला एक ब्रॅकेटसाठी. वर-खाली करायची स्प्रिंग पहिल्या मोसमातच गंजली, आणि लाटांवर आपटून बोल्ट ढिले होतात, ते प्रत्येक खेपेआधी पाना लावून बघावे लागतात. इंजिनाला एक जाड दोर होडीशी बांधून ठेवा, ब्रॅकेट कितीही भक्कम दिसला तरी. डाव्या बाजूला सत्तावीस किलो टांगल्यामुळे होडी किंचित कलते. मी बॅटरी उजवीकडे हलवली, बरोबर झालं.

दहा एचपीचं घ्यावं का, असं दोघा-तिघांनी विचारलं. सोळा फुटांच्या पाण्यातल्या लांबीला नको. वेग तोच साडेपाचच्या आत, मागच्या फळीवर वजन मात्र जास्त, आणि मागची बाजू जितकी बसेल तितकं मागून येणारं पाणी आत यायला सोपं. तोच पैसा आणखी एका बारा लिटरच्या टाकीत आणि उंच अँटेनात घाला.