दोनशे युनिटांची रेषा आणि तीन बीएलडीसी पंखे : दीड उन्हाळ्याचा अनुभव

बेळगावात पंखा कशाला हवा, असे म्हणणारी पिढी आमच्या वडगावच्या घरात अजून आहे, आणि कौलारू घर होते तोवर ते म्हणणे खरेही होते. आता डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे, मार्च उजाडला की तो दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. त्यामुळे आमच्याकडे चार पंखे उन्हाळ्यात जवळजवळ अखंड फिरतात. त्यांपैकी तीन मी मे २०२४ च्या सुरुवातीस बदलून बीएलडीसी प्रकारचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित डीसी मोटारीचे, बसवले आणि सोबत तीन नळांना पाणी वाचवणाऱ्या जाळ्या लावल्या. तेव्हाचा अर्धा उन्हाळा आणि २०२५ चा पूर्ण उन्हाळा या वस्तूंनी काय दिले, ते लिहितो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे गुणदोष मला दिसले ते बहुतांशी या प्रकारच्या पंख्याचेच आहेत.

खरेदीचे कारण बिलात होते. आपल्याकडे हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल बहुतांशी कन्नडमध्ये छापून येते आणि ज्यांना ती लिपी नीट येत नाही ते फक्त शेवटचा आकडा पाहून ते कपाटात ठेवतात; मीही तेच करीत असे. कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली, तेव्हापासून शेवटचा आकडा बहुतेक महिन्यांत शून्य किंवा शंभराच्या आत असायचा. एप्रिल २०२४ मध्ये तो एकदम सोळाशेच्या पुढे गेला. सूनबाईने बिल वाचून दाखवले तेव्हा कळले, की वापर २२२ युनिट झाला होता.

योजनेचे गणित नीट समजून घेतल्याशिवाय कोणत्याही वीजबचतीच्या वस्तूचे मोल आपल्या भागात ठरवता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बहुतेक घरांसाठी २०२२-२३ या वर्षातील मासिक सरासरी वापर घेऊन त्यात दहा टक्के मिळवतात, आणि तेवढे युनिट त्या घराला मोफत असतात. आमची सरासरी १२८, म्हणजे १४१ युनिट मोफत. वापर त्याच्या पुढे पण दोनशेच्या आत राहिला, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. दोनशे ओलांडले, की त्या महिन्यापुरती सवलत पूर्ण जाते आणि पहिल्या युनिटापासून सगळे बिल, स्थिर आकार आणि वीजकरासह, आपल्या माथी येते. म्हणजे १९९ युनिटांचे घर आणि २०१ युनिटांचे घर यांच्यात वापराचा फरक दोन युनिटांचा आणि पैशांचा फरक हजाराच्या वर असू शकतो. मला बचत करायची होती ती या रेषेच्या अलीकडे येण्यापुरतीच, आणि हे आधी ठरवल्यामुळे पुढची खरेदी सोपी झाली.

साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो. बीएलडीसी पंख्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि आतील इलेक्ट्रॉनिक बोर्ड वेटोळ्यांतील प्रवाह आळीपाळीने बदलून त्यांना फिरवतो. साध्या मोटारीत चुंबकत्व निर्माण करण्यात आणि उष्णतेत जी वीज वाया जाते, ती येथे वाचते. आमच्या खोक्यावर ३२ वॅट लिहिले होते. खोक्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास नसतो, म्हणून मीटरकडून तपासून घेतले. मीटरवर जो लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याखाली एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते. आमच्या मीटरवर ३,२०० आहे. रात्री फ्रीजसह घरातील सगळे बंद करून फक्त जुना पंखा पाचवर ठेवला, तेव्हा दिवा दर पंधरा सेकंदांनी लुकलुकला, म्हणजे ७५ वॅट. नवा पंखा पूर्ण वेगात ठेवल्यावर दोन लुकलुकींमध्ये पस्तीस सेकंद गेले. मी घड्याळ धरून व्हरांड्यात उभा आणि नातू मोठ्याने आकडे मोजतोय, हे पाहून शेजारचे काका काय बिघडले म्हणून विचारायला आले. ३,६०० सेकंदांना पस्तीसने भागून आलेली संख्या ३,२०० ने भागली, की ०.०३२ किलोवॅट, म्हणजे ३२ वॅटच येतात. खोके खरे बोलत होते. कोणाही वाचकाला हा प्रयोग पाच मिनिटांत आणि फुकट करता येईल.

एका पंख्यामागे ४३ वॅट, तीन पंखे, दिवसाला सरासरी चौदा तास, असा हिशेब केला तर महिन्याला ५४ युनिट वाचायला हवेत. एप्रिल २०२५ मध्ये आमचा वापर १६९ युनिट आला. माणसे तीच, फ्रीज तोच, इस्त्रीही तितकीच. बिल दोनशे रुपयांना थोडे कमी आले.

खर्चाची बाजू अशी. गणपत गल्लीजवळच्या एका दुकानातून प्रत्येकी २,९५० रुपयांना पंखे घेतले आणि बसवणावळ धरून एकूण ९,३०० रुपये गेले. दोनशेची रेषा आम्ही ओलांडतो ती मार्च, एप्रिल आणि मे या तीनच महिन्यांत, त्यामुळे वर्षाची खरी बचत सव्वाचार हजारांच्या आसपास आहे. पावसाळ्यात आणि थंडीत ती नगण्य आहे, कारण तेव्हा आम्ही मोफत युनिटांच्या आसपासच असतो. तेव्हा पैसे वसूल व्हायला दोन पूर्ण उन्हाळे आणि वर थोडे लागतील. दुकानदाराने वर्षभरात पैसे सुटतील असे सांगितले होते. त्याच्या गणितात गृहज्योती नव्हती.

ज्या घराचा वापर उन्हाळ्यातही मोफत युनिटांच्या आत राहतो, त्या घराला हा पंखा एक रुपयाही वाचवून देणार नाही. जुना पंखा ठीक चालत असेल तर तो काढू नये, बंद पडेल तेव्हा नवा घेताना विचार करावा. उलट ज्यांच्याकडे एसी आहे आणि जे बारमाही दोनशेच्या पुढेच आहेत, त्यांना प्रत्येक युनिटामागे सहा रुपयांच्या वर लाभ आहे, पण रेषेचा मोठा फायदा नाही. माझी बहीण सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडला असते. तेथे महावितरणच्या बिलात शंभराच्या पुढच्या युनिटांचा दर पहिल्या शंभरांपेक्षा दुपटीहून चढा असतो, त्यामुळे तिचे वाचलेले युनिट नेहमी महागड्या टप्प्यातून वाचतात. एकच पंखा, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन वेगळ्या किमतींना पडतो. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे उन्हाळा आमच्यापेक्षा बराच कडक असतो आणि पंखे रात्रंदिवस चालतात. तिकडच्या दीड-दोनशे युनिटांच्या घरांना याचा उपयोग सर्वांत जास्त व्हावा.

वाऱ्याविषयी तक्रार नाही. २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे आणि त्याचा आधार म्हणजे एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली जाते ही संख्या. १,२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच तारे मिळण्यासाठी ती किमान सहा असावी लागते. घेताना ताऱ्यांबरोबर हवेचा आकडाही पाहावा, कारण वॅट कमी दाखवण्यासाठी वाराच कमी ठेवलेला पंखा काय कामाचा? आमच्या पंख्याचा वारा जुन्याइतकाच लागतो, आवाज कमी आहे, आणि दाब उतरला तरी वेग उतरत नाही. हा शेवटचा गुण मला विशेष वाटतो, कारण संध्याकाळी सात ते नऊ आमच्या गल्लीत दाब इतका खाली येतो, की जुना पंखा पाचवर ठेवूनही तीनवर असल्यासारखा फिरत असे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही हे पंखे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालतात. मात्र स्लॅब तापलेला असेल तर दुपारी तीन वाजता कोणताही पंखा गरम हवाच खाली ढकलतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिल्यावर जो फरक पडला, तो पंख्याने पडला नाही, आणि त्याचा खर्च पंख्याच्या निम्माही नव्हता.

आता दोष. बसवायला आलेल्या वायरमनने पहिल्याच मिनिटाला सांगितले, "मास्तर, जुनं रेग्युलेटर ठेवू नका ओ, बोर्ड जातंय त्यानं." ते बरोबर होते, या पंख्याला वीज थेट द्यावी लागते आणि वेग रिमोटने बदलावा लागतो. त्यामुळे भिंतीवरच्या पाटीत तीन भोके पडली, ती झाकायला कोरी पाटी आणावी लागली, आणि घरात तीन रिमोट झाले जे कधीच एका वेळी सापडत नाहीत. पाहुणे आले की ते सवयीने भिंतीवर हात फिरवून रेग्युलेटर शोधतात.

मोठा दोष वळवाच्या पावसाने दाखवला. पंखे बसवून तीन आठवडे झाले नव्हते, तोच एका संध्याकाळी विजांचा कडकडाट झाला, दिवे दोनदा लखलखले आणि माजघरातला नवा पंखा जो थांबला तो थांबलाच. साधा पंखा बंद पडला तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. शंभराच्या आतली वस्तू, कोपऱ्यावरचा वायरमन दहा मिनिटांत बदलून देतो. येथे आतला बोर्ड जळला होता आणि त्याला गावात कोणी हात लावायला तयार नव्हते. कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवली, दोनदा आठवण केली, आणि अकराव्या दिवशी त्यांचा माणूस हुबळीहून आला. हमीच्या मुदतीत असल्याने बोर्ड फुकट बसला. मुदत संपल्यावर नऊशे रुपयांच्या आसपास पडेल असे तो म्हणाला. म्हणजे एक बोर्ड गेला की वरच्या हिशेबातली सुमारे वीस दिवसांची उन्हाळी बचत वजा करायला हवी. त्यानंतर मी घराचे अर्थिंग तपासून घेतले, आणि आभाळ भरून आले की तिन्ही पंख्यांची बटणे बंद करतो. घेणाऱ्याने दुकानात एवढे मात्र विचारावेच, की हमी बोर्डालाही आहे का आणि दुरुस्तीचा माणूस बेळगावात बसतो की बाहेरून येतो.

नळाच्या जाळ्यांविषयी थोडक्यात. एरेटर म्हणून मिळणारी ही जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरल्यासारखी दिसते पण पाणी कमी पडते. वॉश-बेसिनच्या नळाखाली दहा लिटरची बादली पूर्वी पाऊण-एक मिनिटात भरत असे, आता अडीच मिनिटे लागतात. हात धुताना, दात घासताना हा फरक जाणवतही नाही. स्वयंपाकघरात मात्र कळशी भरायला ताटकळत उभे राहावे लागते, सौ.नी आठव्या दिवशी ती जाळी काढून माझ्या हातात दिली, आणि त्यांचे बरोबर होते. मागच्या न्हाणीघरातील जुन्या पितळी तोटीला आटेच नाहीत, तेथे ती बसलीच नाही. बोअरच्या जड पाण्याने जाळीवर पांढरे क्षार धरतात, दोन महिन्यांनी ती लिंबाच्या रसात भिजवून घासावी लागते.

पाणीपट्टीत काय फरक पडला, असे कोणी विचारेल. काहीच नाही, कारण आमच्या गल्लीत ती ठोक दराने येते. शहराच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल आहे. तेथे शंभर रुपयांची ही जाळी लवकर वसूल होईल. आमचा लाभ वेगळ्या वाटेने आला. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार रोज चाळीस मिनिटे चालत असे, ती आता तीसवर आली, म्हणजे महिन्याला अडीच युनिट. आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली की मे महिन्यात नळाचे पाणी लांबते, तेव्हा २०२५ मध्ये एक टँकर कमी मागवावा लागला. शंभराच्या वस्तूकडून एवढे पुष्कळ झाले.

चौथा पंखा आईच्या खोलीत आहे आणि तो जुनाच आहे. नव्याला आवाज नाही म्हणून झोप लागत नाही, असे ती म्हणते. शिवाय अंधारात रिमोट चाचपडणे तिला जमत नाही. रात्रीचे आठ तास धरले तर तो बदलून महिन्याला दहा युनिट वाचतील. एप्रिलचा आकडा १६९ असताना ते दहा युनिट कोणाच्याच मोजणीत येत नाहीत, तेव्हा त्या पंख्याला हात लावायचा नाही असे घरात ठरले आहे.