स्ट्रिंग्ज: इंग्रजीला चोख, देवनागरीला अपुरे

अनोळखी बायनरी फाइल (साध्या मजकुराऐवजी यंत्रासाठीचे बाइट असलेली) न चालवता तिच्या पोटात काय आहे याचा अंदाज घ्यायचा असेल, तर ग्नू बिनयुटिल्स या बायनरी फाइली हाताळण्याच्या साधनांच्या संचातील ‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड मी सर्वांत आधी वापरतो. छापण्याजोगी किमान चार अक्षरे सलग सापडली की ती ओळ म्हणून दाखवायची, एवढेच तिचे काम आहे. लिनक्सच्या नेहमीच्या प्रोग्रॅमवर ती चालवली, तर सुरुवातीलाच लोडरचा (प्रोग्रॅम मेमरीत चढवणाऱ्या भागाचा) पाथ आणि लागणाऱ्या लायब्ररींची नावे दिसतात आणि पुढे बहुधा प्रोग्रॅम ज्याने तयार झाला त्या कंपायलरची आवृत्तीही मिळते.

चार अक्षरांची मर्यादा मात्र फारच सैल आहे. बाइटच्या 256 मूल्यांपैकी 95 छापण्याजोगी असल्याने फोटोसारख्या कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत निव्वळ योगायोगाने जुळलेल्या निरर्थक ओळींचा ढीग पडतो. ‘हायफन एन’ या पर्यायाने मर्यादा आठवर नेली की तो बराच ओसरतो. वर्डची डॉक्स फाइल ही मुळात झिप असल्याने तिच्यात आतल्या फाइलींची नावे तेवढी दिसतात. मजकुरासाठी ती आधी अनझिप करावी लागते. ‘हायफन टी एक्स’ने प्रत्येक ओळीचे फाइलमधील स्थान हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) मिळते, आणि हेक्स एडिटरमध्ये नेमक्या त्या जागी जाता येते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

देवनागरीच्या बाबतीत मात्र कमांड निराशा करते. यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि ते तिन्ही बाइट 127 च्या वरचे असतात. मूळ सेटिंग मात्र त्याखालची इंग्रजी अक्षरेच छापण्याजोगी मानते, त्यामुळे मराठी मजकूर सरळ गाळला जातो. ‘हायफन ई कॅपिटल एस’ दिल्यास तो दिसतो, पण 127 च्या वरचे सगळेच बाइट ग्राह्य धरले जात असल्याने कचराही तितकाच वाढतो. 2022 च्या 2.38 आवृत्तीत आलेला युनिकोडचा पर्याय ‘लोकेल’वर (म्हणजे संगणकावर निवडलेल्या भाषा-लिपीच्या सेटिंगवर) ठेवणे त्यापेक्षा सोयीचे आहे. विंडोजचे प्रोग्रॅम बहुधा साठवतात त्या 16 बिटांच्या मजकुरासाठी असलेला ‘हायफन ई स्मॉल एल’ इंग्रजी उत्तम काढतो, परंतु 255 च्या पुढचे चिन्ह तो मानतच नाही. म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅममधील मराठी संदेश त्याच्या हाती लागत नाहीत. इतक्या जुन्या आणि सर्वत्र उपलब्ध असलेल्या साधनात ही उणीव राहावी, हे खटकते.

गंमत म्हणजे युनिकोडपूर्व काळातील मराठी या कमांडला सहज सापडते. कृतिदेव फाँटात ‘मराठी’ हा शब्द स्मॉल ई, जे, के, कॅपिटल बी आणि स्मॉल एच या पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. जुन्या डॉक फाइलीवर कमांड चालवून ग्रेप या शोधकमांडने ‘मराठी’ शोधल्यास काहीच मिळत नाही. तीच पाच अक्षरे शोधली की तो शब्द असलेली ओळ समोर येते.