जर्मनीत नर्सिंगची मान्यता: आनपासुंग्सलेरगांग की केन्टनिसप्रूफुंग?

डेफिझिटबेशाइडमध्ये, म्हणजे तुमचं शिक्षण जर्मन शिक्षणाच्या तुलनेत कुठे कमी पडतं हे सांगणाऱ्या सरकारी पत्रात, विषयवार तूट दाखवलेली असते. ती आनपासुंग्सलेरगांग (पूरक प्रशिक्षण, पुढे नुसतं लेरगांग) करून भरायची की केन्टनिसप्रूफुंग (ज्ञानपरीक्षा) देऊन, हे ठरवायचा हक्क कायद्याने तुमचा आहे, रुग्णालयाचा नाही. करारात आधीच एक मार्ग लिहिलेला असेल तर सही करण्यापूर्वी विचारून घ्या.

लेरगांगची कमाल मर्यादा 3 वर्षं. प्रत्यक्षात तूट पाहून मुदत ठरते. शेवटी शिकलेल्या भागावरच तोंडी परीक्षा होते. ती जमली नाही तर मुदत एकदा वाढवून मिळू शकते. जर्मन भाषेची बी-2 पातळी जेमतेम पास झालेल्यांना ही वाट सोयीची पडते, हे मान्यच करायला हवं.

तरीही मी परीक्षेकडे वळलो ते एकाच त्रासामुळे: बाहेरच्या विभागांतली नेमणूक. आपल्या जीएनएम किंवा बीएस्सीत प्रसूतिशास्त्राचे आणि सामुदायिक आरोग्याचे तास भरपूर, पण वृद्धसेवेचे आणि घरी जाऊन करायच्या शुश्रूषेचे कमी. म्हणजे तूट बहुधा तिथेच निघते आणि तुमच्या रुग्णालयात नेमके तेच विभाग नसतात. मग जागा दुसऱ्या संस्थेत मागायची, आणि तिथे त्यांचे स्वतःचे प्रशिक्षणार्थी आधी. एक नेमणूक लांबली की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. दाखल्यावर तास, विभाग, सही यांपैकी काही राहिलं की कागद परत येतो. मान्यता मिळेपर्यंत पगार मदतनिसाचाच असतो. मान्यतेसाठी जर्मनीत राहायला मिळणारा 16डी कलमाचा परवाना 24 महिन्यांचा आणि वाढवून फार तर 36 महिन्यांचा असतो, त्यामुळे असा उशीर परवडत नाही.

केन्टनिसप्रूफुंगमध्ये तोंडी भाग 45 ते 60 मिनिटांचा असतो. प्रात्यक्षिकात 2 ते 4 रुग्णस्थिती हाताळायच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त 120 मिनिटांत. जो भाग अडला तो एकदाच पुन्हा देता येतो. जोखीम खरी इथे आहे. मात्र माझ्या पाहण्यात लोक इंजेक्शन-ड्रेसिंगवर अडत नाहीत. ‘हे का केलंत?’ या प्रश्नावर अडतात. आपण डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट पाहायला शिकलेलो. तिथे शुश्रूषेची गरज ठरवणं, तिची आखणी आणि मूल्यमापन ही कायद्यानेच नर्सची राखीव कामं आहेत. रुग्णाची अंघोळ आणि तोंडाची स्वच्छताही तुमच्याकडेच, नातेवाईक किंवा आयांकडे नाही.

म्हणून तयारी वॉर्डातच करा. रोज एका रुग्णासाठी अडचण, ध्येय, उपाय आणि परिणाम जर्मनमध्ये लिहून सहकाऱ्याला समजावून सांगा. शय्याव्रण टाळणं, पडण्यापासून बचाव आणि वेदना व्यवस्थापन, हे तीन एक्सपर्टेनस्टँडर्ड (शुश्रूषेचे तज्ज्ञांनी ठरवलेले मानदंड) कारणांसकट तोंडावर हवेत.

सलग बोलताना अजून अडखळत असाल तर लेरगांगच घ्या. पण बाहेरच्या नेमणुकांच्या तारखा लेखी मिळाल्याशिवाय होकार देऊ नका. बोलणं सुटं झालेलं असेल, तर परीक्षेची पुढची तारीख आणि अर्जाची मुदत आजच विचारा.