डार्टमूरच्या चिखलातले बूट: सोल पास, नाडी नापास

उजव्या बुटाची जाळी करंगळीपाशी फाटली आणि दुकानाशी बरीच हुज्जत घालावी लागली, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. कंपनीचं नाव घालत नाही. चिखलासाठीचे, खाली सहा मिलिमीटरचे रबरी दात असलेले ट्रेल शूज, १२५ पौंडांचे. वजन, ड्रॉप (टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक) वगैरे खोक्यावर छापलेलं असतंच. (रुपयांत गुणायचं नाही असं दरवेळी ठरवते आणि दरवेळी गुणते.)

मी इंग्लंडमध्ये प्लिमथला राहते, म्हणजे पळायला जवळचं डार्टमूर, उघडं, दलदलीचं माळरान. माझी नेहमीची वाट मेरिव्हेलहून निघते. रस्ता सोडला की लगेच कांस्ययुगातल्या दगडी रांगा लागतात. दोन दुहेरी रांगा, त्यातली दक्षिणेकडची अडीचशे मीटरहून लांब, आणि दोन्हींच्या मधून पाण्याचा पाट वाहतो. दगड बहुतेक गुडघ्याच्या खालचे, त्यामुळे धुक्यात एकदम पायाशीच येतात. पुढे किंग्ज टॉरला (टॉर म्हणजे खडकाळ माथ्याची टेकडी) वळसा घालून १९५६ साली बंद पडलेल्या प्रिन्सटाउन रेल्वेच्या खडीवरून जायचं. तिथे स्वेलटॉर खाणीजवळ १९०३च्या सुमारास लंडन ब्रिज रुंद करण्यासाठी घडवलेले आणि जास्तीचे म्हणून राहिलेले ग्रॅनाइटचे ब्रॅकेट अजून गवतात पडून आहेत. मग प्रिन्सटाउनमधून दक्षिणेला नन्स क्रॉस. हा दगडी क्रूस डार्टमूरच्या १२४०च्या हद्दीच्या नोंदीतसुद्धा आहे. त्याच्या पलीकडे फॉक्स टॉर मायर्सची दलदल; तिकडे मी बाहेरबाहेरूनच जाते.

म्हणजे एकाच फेरीत खडी, पीटचा (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) काळा चिखल, गवताचे गठ्ठे आणि ओला ग्रॅनाइट. चिखलात या सोलला तोड नाही. उतारावर पाय रोवला की रोवला, आणि दात एकमेकांपासून इतके दूर बसवलेत की चिखल अडकून राहत नाही. खडीवर मात्र हेच दात टोचतात आणि झिजतातही लवकर. कोरड्या ग्रॅनाइटवर कुठलाही बूट चालेल, तो दगडच इतका खरबरीत. ओल्या ग्रॅनाइटवर सुरुवातीला हे साफ घसरत होते आणि तेव्हा लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. सह्याद्रीत ॲक्शनचे स्वस्त ट्रेकिंग बूट घालून वाढलेल्या माणसाला ग्रिप म्हणजे काय हे कोणी शिकवू नये. पण काही आठवड्यांनी रबरावरची नवेपणाची चकाकी गेली आणि फरक पडला. दगडावर ओलं शेवाळ असेल तर अजूनही देवाचं नाव घ्यायचं.

आता नाडी. १२५ पौंडांच्या बुटाला ही असली गोल, गुळगुळीत, बुळबुळीत नाडी कोणी लावली असेल? पीटच्या पाण्यात भिजली की सुटते. गवताचा गठ्ठा फासात अडकला की सुटते. काही नाही झालं तरी सुटते. रीफ नॉटच (न सुटणारी सपाट गाठ) मारते, शाळेत गाईडमध्ये होते. तेव्हा ते सल्ले नकोत. दुहेरी गाठ मारली की भिजून अशी आवळते, की नन्स क्रॉसच्या वाऱ्यात हातमोजे काढून ती सोडवताना बोटं बधिर होतात. जिभेवर नाडी खोचायला एक खिसा दिलाय, त्यात पीट भरतं. शेवटी प्लिमथच्या मार्केटमधून सव्वा पौंडाला चपट्या नाड्या आणल्या. त्या दिवसापासून एकदाही सुटलेल्या नाहीत. सव्वा पौंड! मग कंपनी नेमके कशाचे पैसे घेते?

फाटलेल्या जाळीबद्दल दुकानाचं पहिलं उत्तर: “ही वापरातली झीज आहे, बूट खडबडीत जमिनीवर वापरलेत.” ट्रेल शूज आणखी कुठे वापरायचे, दिवाणखान्यात? पुढचा प्रश्न, मशीनमध्ये धुतले का? नाही. बाहेर बादलीत बुडवते आणि आत सुपरमार्केटची फुकट पत्रकं कोंबून वाळवते, हीटरवर कधीच ठेवत नाही. मग इथला २०१५चा ग्राहक हक्क कायदा काढला. त्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळात नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं, ग्राहकाने नाही. सोलचे फोटो पाठवले. दात बऱ्यापैकी शाबूत होते, म्हणजे मी बूट घासून संपवलेले नाहीत हे उघड होतं. त्यावर सूर बदलला आणि बदली जोड मिळाला. पावती जपून ठेवा, एवढंच सांगते.

आधी दोन तारे देणार होते, आता साडेतीन. अर्धा तारा नाडीपायी कापलाय, एक तारा फाटलेल्या जाळीपायी. नवा जोडही त्याच जागी फाटला तर परत येऊन तीनवर आणेन.

दलदल, ओलं गवत, उतार हेच जास्त असेल तर घ्या. जुन्या रेल्वेच्या खडीवरच पळणार असाल तर चार मिलिमीटर दातांचे पुरतात आणि स्वस्तही पडतात. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेल लागेपर्यंत थांबा, आणि त्याच दिवशी चपट्या नाड्या वेगळ्या आणा. आणि मेरिव्हेलच्या रस्त्याच्या उत्तरेला जाणार असाल तर लष्कराच्या गोळीबाराच्या वेळा आधी बघा. लाल निशाण वर असेल तर बूट कुठलेही असोत, आत जायचं नाही.